वार्धक्य की व्याधी? : वृद्धमानसचिकित्सेतील एक धडा

जराचिकित्सा हे अष्टांग आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग. तरीही विसराळू, निरुत्साही किंवा असंबद्ध बोलणारे आजोबा चिकित्सालयात आले की "वय झाले, चालायचेच" हे नातेवाइकांचे निदान आपणही कित्येकदा स्वीकारतो आणि मेध्य रसायन लिहून देतो.

आधुनिक वैद्यकातही दीर्घकाळ हीच धारणा होती. तिला धक्का देणाऱ्यांत सर मार्टिन रॉथ (१९१७–२००६) हे मनोविकारतज्ज्ञ अग्रणी होत. इंग्लंडमधील ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयात दाखल झालेल्या साठीपुढील रुग्णांचा पाठपुरावा करून त्यांनी १९५५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषण्णतेचे बहुसंख्य रुग्ण सुधारून घरी परतले; वार्धक्यजन्य बुद्धिभ्रंशाचे बहुसंख्य रुग्ण दोन वर्षांत दगावले. म्हणजे वरकरणी सारखे दिसणारे विकार मुळात भिन्न होते. पुढे न्यूकॅसल येथे ब्लेस्ड व टॉमलिन्सन यांच्यासह त्यांनी बुद्धिभ्रंशाची तीव्रता आणि मेंदूतील विकृती यांचा संबंध दाखवला (१९६८). १९७१ मध्ये ते ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सचे पहिले अध्यक्ष झाले. भारतात मदुराईचे डॉ. ए. वेंकोबा राव यांनी या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे.

रॉथ यांचा धडा आपल्या ओपीडीत असा उतरतो. प्रथम 'केव्हापासून?' हे विचारावे. लक्षणे काही तासांत वा दिवसांत उद्भवली, शुद्धी क्षणात चांगली, क्षणात मंद असेल तर तो तीव्र संभ्रम होय. नागपूरच्या वैशाखवणव्यात जलक्षय, सोडियमची घट, मूत्रमार्गाचा संसर्ग, झोपेच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे. येथे रसायन नव्हे, तातडीचे रुग्णालय हवे. काही आठवड्यांत झोप, भूक व रस हरपला आणि रुग्ण स्वतःच "मला काही आठवत नाही" म्हणत असेल, तर विषण्णतेचा विचार करावा. ती बरी होते. लक्षणे महिनोन्‌महिने वाढत असून तक्रार रुग्णाऐवजी घरचे करीत असतील, तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी; तरीही थायरॉइड व बी-१२ तपासल्याखेरीज शिक्का मारू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही यात एक सूचना आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबातील सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातील रेसर्पिनमुळे विषण्णता व कंप उद्भवू शकतात, हेही पुढे अनुभवास आले. झोपेसाठी सर्पगंधा वटी मागणाऱ्या वृद्धास "मन उदास असते का?" हे विचारल्यावाचून ती देऊ नये. कपिकच्छूतील एल-डोपाने वृद्धांत भ्रम होऊ शकतो. यष्टिमधु मेध्य खरे. पण मूत्रल गोळ्या घेणाऱ्यात ते पोटॅशियम आणखी घटवते. जुन्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या पुनःपुन्हा देणे तर कटाक्षाने टाळावे.

शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. तेथे रुग्ण पाठवण्यात कमीपणा नाही. निदान निश्चित झाल्यावर आहार, अभ्यंग, निद्रा, दिनचर्या आणि घरच्यांना धीर देणे हे आपले कार्य उरतेच, आणि ते वर्षानुवर्षे चालणारे आहे.