पडल्यावर कळवणारे घर

रात्री दोनचा सुमार. सत्तरी ओलांडलेल्या आजी लघवीला उठतात. दिवा लावला तर आजोबांची झोपमोड होईल, म्हणून अंधारातच भिंत चाचपडत निघतात. बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात ही कहाणी नेहमीची आहे. अपघात होतो तो रोजच्या पायाखालच्या वाटेवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीपुढच्यांची संख्या सर्वाधिक असते. त्यामुळे ‘स्मार्ट होम’ म्हणजे आवाज दिल्यावर लागणारा पंखा आणि टीव्ही एवढेच न समजता, वृद्धांच्या घरात ते काय करू शकते हे पाहायला हवे.

आधी उजेड

सर्वांत उपयोगी साधन सर्वांत स्वस्तही आहे. माणसाच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. हलणाऱ्या माणसाचे हे किरण टिपून आपोआप लागणारा सेन्सर दिवा काही शे रुपयांत मिळतो. त्याला वायफाय लागत नाही, मोबाइल लागत नाही, शिकावेही लागत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असे दिवे बसवावेत. प्रकाश पिवळसर आणि मंद असावा. झगझगीत पांढऱ्या उजेडाने झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होते आणि पुन्हा झोप लागणे कठीण जाते.

पडल्यावरचा तास

हाड मोडण्याइतकेच घातक असते ते मदतीविना जमिनीवर पडून राहणे. तास-दोन तास एकाच अंगावर भार पडला, तर दबलेल्या स्नायूंमधले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शरीरातले पाणी कमी होते, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात.

येथे स्मार्ट घड्याळ कामी येते. काही घड्याळांत २०१८ पासून पडणे ओळखण्याची सोय आहे. अचानक बसलेला हिसका आणि त्यानंतरची निश्चलता सेन्सर टिपतो. घड्याळ आधी ‘ठीक आहात का?’ असे विचारते आणि उत्तर आले नाही, तर ठरवलेल्या नंबरवर कळवते. मात्र भिंतीला टेकत हळूहळू खाली घसरलेला माणूस त्याला ओळखता येईलच असे नाही. बहुतेक घरांत घड्याळ रात्री चार्जिंगला लावले जाते, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी ते मनगटावर नसते. चार्जिंग संध्याकाळी, मालिका पाहताना उरकावे.

निरोप कोणाला?

मुलगा पुण्यात किंवा अमेरिकेत, आई-वडील गावी. निरोप मुलाच्या फोनवर पोहोचतो, पण दाराला आतून कडी! त्यामुळे यादीतला पहिला नंबर जवळच्या शेजाऱ्याचा असावा आणि त्याच्याकडे किल्ली असावी. मुख्य दाराला आतल्या कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवावे. बाथरूमची कडी शक्यतो लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर सर्वांना पाठ हवा.

नजर किती ठेवावी?

काळजीपोटी मुले घरभर कॅमेरे बसवतात. आई-वडिलांना मात्र स्वतःच्याच घरात चोरासारखे वाटू लागते. त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नये. बाथरूममध्ये तर कधीच नाही. चित्र न घेता केवळ हालचाल टिपणारे सेन्सर मिळतात. ‘आठ वाजले तरी स्वयंपाकघरात कोणी आलेले नाही’ एवढा निरोप फोन करून चौकशी करायला पुरेसा असतो.

यंत्राला न दिसणारे

पडण्यामागे बहुधा कारण असते. उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरणे, झोपेच्या गोळ्या, मधुमेहामुळे बधिर झालेले तळपाय, पिकलेला मोतीबिंदू, अशक्त झालेले मांड्यांचे स्नायू. ही कारणे घड्याळ दूर करत नाही. एकदा पडलेल्या व्यक्तीची सर्व औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि मगच उभे राहावे.

खरेदीचा क्रमही असाच असावा. आधी कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, न घसरणारी फरशी किंवा रबरी मॅट आणि वाटेतून हटवलेले पायपुसणे. मग सेन्सरचा दिवा. त्यानंतर घड्याळ. पडल्याचे कळवणारे घर चांगलेच. पण पडूच न देणारे घर त्याहून चांगले आणि बहुतेक वेळा स्वस्तही.