पाने नाहीत, फुले मात्र भरगच्च!

फाल्गुनात आम्ही दोघे सह्याद्रीत दिवसभराच्या भटकंतीला जातो. कड्यावरून खाली पाहिले की वाळलेल्या, तपकिरी उतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर यांचे लाल-केशरी ठिपके दुरूनही ओळखता येतात. झाडांवर पान नाही, फुले मात्र भरगच्च. असे का?

पानांतून बाष्परूपाने पाणी सतत बाहेर पडते. कोरड्या ऋतूत पाने गाळल्याने ते वाचते. शिवाय फुले झाकली जात नाहीत. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना मात्र उत्तम दिसतो. बुलबुल, मैना, सूर्यपक्षी मकरंदासाठी येतात आणि परागकण पुढच्या झाडावर नेतात. पावसाळ्यापूर्वी बिया तयार होतात. सावरीची बी कापसाबरोबर, तर पळसाची चपट्या शेंगेसह वाऱ्यावर दूर जाते. पाठोपाठ पाऊस येतो आणि ती रुजते.

याच दिवसांत डोंगरांवर वणवे लागतात. मोठे झाड बहुधा तगते. गेल्या पावसाळ्यात रुजलेले रोप जळते. फुलोरा दरवर्षी दिसत राहतो, म्हणून ही हानी लक्षात येत नाही. विद्यार्थ्यांसह फुललेल्या झाडाखाली अर्धा तास बसून पक्षी मोजा. मग भोवती त्याच जातीची रोपे किती आहेत, तेही मोजा.