आईची ज्ञानेश्वरी आणि बाहेरचे ॲप

माझी आई ८२ वर्षांची आहे. आमचे गाव नेवासे तालुक्यातले. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ते आमचे बाजाराचे गाव. त्यामुळे सकाळी अंघोळ झाली की चार ओव्या वाचायच्या, यात आमच्याकडे कुणाला काही विशेष वाटत नाही. आईने हा नेम लग्न होऊन आल्यापासून पाळला. दोन वर्षांपूर्वी तो मोडला. मोतीबिंदूचे ऑपरेशन चांगले झाले होते, पण डोळ्याचा पडदा कमजोर झाला आहे, असे डॉक्टर म्हणाले. अक्षर मोठे आणि ठसठशीत हवे, उजेड भरपूर हवा. मोठ्या टायपाची पोथी आणली, तर ती तिला उचलवेना. मोबाइल दिला, तर दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी येऊ लागले, आणि ओट्यावरच्या उन्हात त्यावर काही दिसेना. "राहू दे रे, आता ऐकायचेच दिवस," असे म्हणून तिने चष्मा डबीत ठेवला.

मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. आईचे वाचन परत सुरू व्हावे म्हणून जी खटपट केली, तिच्यातून एक गोष्ट शिकलो. वाचनाचे यंत्र विकत घेतले म्हणजे वाचन विकत मिळते असे नाही. त्या यंत्रात कोणाचे सॉफ्टवेअर चालते, आणि ते बदलण्याची मुभा आपल्याला आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मराठी वाचणाऱ्याच्या बाबतीत तर फारच.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने आजीसाठी ई-इंकचा वाचक आणला. पाटीएवढा, वजनाला हलका. ई-पेपर म्हटले की आपल्याला वर्तमानपत्राची इंटरनेटवरची आवृत्ती आठवते. हे प्रकरण वेगळे आहे. या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण, जणू काळे आणि पांढरे तीळच. दोन्ही कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा एक झटका दिला की पांढरे कण वर येतात, उलटा दिला की काळे. अशा ठिपक्यांचे अक्षर बनते. एकदा कण जागेवर बसले की ते तिथेच राहतात, त्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना. म्हणून बॅटरी काही आठवडे पुरते, आणि आमच्यासारख्या भारनियमन सोसलेल्या गावाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुख्य म्हणजे हा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांत उजेड फेकत नाही. कागदासारखा बाहेरच्या उजेडात दिसतो, उन्हात तर अधिकच चांगला. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघाले. ई इंक ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली, सोनीचा लिब्रिये हा वाचक २००४ मध्ये जपानात आला, आणि ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये.

आम्ही मराठी विकिस्रोतावरून ज्ञानेश्वरीची ईपब फाइल उतरवून घेतली, यंत्रात घातली, आणि आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, पान जवळ धरले, लांब धरले आणि म्हणाली, "अरे, हे मोडके लिहिले आहे." खरेच होते. 'ज्ञानेश्वरी' या शब्दातल्या 'ज्ञ'चे दोन तुकडे झाले होते, आधी पाय मोडका 'ज' आणि पुढे सुटा 'ञ'. ऱ्हस्व वेलांट्या आपल्या अक्षराच्या आधी यायच्या त्या मागे जाऊन उभ्या होत्या. ८२ वर्षांच्या बाईने हे कसे वाचायचे? यंत्र उत्तम, पडदा उत्तम, पोथीही शुद्ध, आणि वाचता एक ओळ येत नाही.

हे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. संगणकात मराठी मजकूर साठवतात तो आपण उच्चारतो त्या क्रमाने. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी. 'ज्ञ' म्हणजे 'ज', मग पाय मोडल्याची खूण, मग 'ञ'. पडद्यावर दाखवताना मात्र वेलांटी उचलून अलीकडे आणावी लागते आणि तीन खुणांचे मिळून एक जोडाक्षर करावे लागते. पूर्वी छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवत असे, तसे हे अक्षरजुळणीचे काम. इंग्रजीत अक्षरामागे अक्षर ठेवले की भागते. म्हणून इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा कंपोझिटर कच्चा असू शकतो.

मराठीची आणखी एक अडचण आहे. लग्नात आचार्यांना पाट द्यायचा आणि आचाऱ्यांना कढई. दोन्ही शब्दांत 'र' आणि 'य' आहेत, पण एकात रफार आणि दुसऱ्यात तो अर्धा, आडवा 'र'. हा आडवा 'र' काही फाइलींमध्ये साध्या 'र'पुढे एक न दिसणारी खूण घालून लिहिलेला असतो. सॉफ्टवेअरने ती खूण गाळली की आचाऱ्यांचे आचार्य होतात! हिंदीत या आडव्या 'र'ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी नीट दिसते म्हणून मराठीही नीट दिसेलच, अशी खात्री धरता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. तो संगमनेरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने यंत्र उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "मामा, यंत्राला दोष देऊ नका. यात बाहेरचे ॲप घालून बघू."

बाहेरचे ॲप म्हणजे काय? शेतकऱ्याला हे लगेच कळेल. ट्रॅक्टर एका कंपनीचा असतो, पण त्याच्यामागे नांगर दुसऱ्या कंपनीचा जोडतो, रोटाव्हेटर तिसऱ्याचा. जोडणीची जागा ठरलेली असते, म्हणून हे जमते. वाचनाच्या यंत्रातही पडदा आणि बॅटरी बनवणारा एक आणि आतला वाचनाचा प्रोग्रॅम लिहिणारा दुसरा, असे होऊ शकते. यंत्राच्या कंपनीने ती जागा उघडी ठेवली असेल तर.

भाच्याने घातलेल्या प्रोग्रॅमचे नाव कोरीडर. तो फुकट आहे, आणि त्याची मूळ आज्ञावली कुणालाही पाहता येते, सुधारता येते. जगभरातले हौशी प्रोग्रॅमर मिळून तो सांभाळतात. कोबो, पॉकेटबुक, किंडल, शिवाय अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे, अशा अनेकांवर तो चालतो. त्याच्या पोटात अक्षरजुळणीसाठी हार्फबझ नावाचा भाग आहे. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडा, त्यावरून हे नाव आले. हाच हार्फबझ फायरफॉक्समध्ये, लिब्रेऑफिसमध्ये आणि अँड्रॉइडच्या मोबाइलमध्येही आहे. तुम्ही मोबाइलवर मराठी निरोप शुद्ध वाचता, त्यात त्याचा वाटा आहे.

आमच्या यंत्राची जागा उघडी होती. केबल लावली, ठरलेल्या ठिकाणी फाइली ठेवल्या, यंत्र बंद करून चालू केले, एवढेच. जोडाक्षरे जागेवर आली, वेलांट्या परतल्या. तरीही आई म्हणाली, "ल आणि श हिंदीतले दिसतात रे." तिचे डोळे कमजोर असतील, नजर पक्की आहे. मराठी पुस्तकांतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, आणि पुष्कळशा टंकांत, म्हणजे फाँटमध्ये, हिंदी वळण आधी येते. मग तिरो देवनागरी मराठी हा खास मराठी वळणाचा टंक, जो २०२२ पासून गूगलच्या टंकसंग्रहात फुकट मिळतो, तो कोरीडरच्या फाँटच्या फोल्डरमध्ये टाकला. अक्षर दुप्पट मोठे केले, ठसा गडद केला, ओळींत अंतर वाढवले. यंत्र उघडले की थेट कालचेच पान समोर येईल, अशी सोय त्यात आहे, तीही लावली. कारण त्याची यादी आणि चिन्हे इतकी दाट आहेत की आईच काय, मीही गोंधळतो. एकदा कुणीतरी बसून लावून द्यावे लागते.

ही झाली एक वाट. दुसरी वाट अँड्रॉइडची. ऑनिक्स बूक्ससारखी काही ई-इंक यंत्रे मोबाइलसारखी अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांत प्ले स्टोअरमधून ॲप घेता येतात. मुलाने आपले असे जुने यंत्र मला दिले. मराठी वाचकाला याचा खास उपयोग आहे. आपली पुस्तके एका दुकानात मिळत नाहीत. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून आहेत. पुण्याच्या बुकगंगाची ई-पुस्तके त्यांच्या ॲपमध्ये वाचायची असतात. ई साहित्य प्रतिष्ठान फुकट पुस्तके देते. अँड्रॉइड यंत्रावर ही सगळी दुकाने एका पडद्यावर येतात.

पण मोबाइलसाठी केलेले ॲप ई-इंकवर सुखाने नांदतेच असे नाही. कण जागा बदलायला वेळ घेतात. मोबाइलवर आपण बोटाने मजकूर सरकवतो तसा इथे सरकवला, तर मागच्या ओळींच्या सावल्या राहतात. बातम्यांचे ॲप पहिल्यांदा उघडले तेव्हा ओला रंग पुसल्यासारखे दिसले. उपाय असा की प्रत्येक ॲपला पडदा बदलण्याचा वेगळा वेग लावता येतो. पुस्तकाला सावकाश आणि स्वच्छ, बातम्यांना जलद आणि थोडे अस्पष्ट. सरकवण्याऐवजी पूर्ण पान उलटण्याची सोय असेल तर तीच निवडावी. आणि बॅटरीचे आठवडे विसरावेत. चार ॲप मागे जागी राहिली की माझे यंत्र चार-पाच दिवसांत चार्जिंग मागते.

पीडीएफचे दुखणे वेगळे. मराठीत जुनी पुस्तके बहुधा पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेली असतात, किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत जुळवलेली, ज्यांतून मजकूर उचलला तर अगम्य इंग्रजी चिन्हे निघतात. अक्षर मोठे करावे तर पानच मोठे होते आणि ओळ पडद्याबाहेर जाते. कोरीडरमध्ये अशा पानाच्या चित्रातले शब्द कापून नव्या ओळींत मांडण्याची सोय आहे. आपल्या लिपीत शिरोरेघ शब्दाला बांधून ठेवते आणि दोन शब्दांत मोकळी जागा असते, म्हणून छपाई स्वच्छ असेल तर हे बऱ्यापैकी साधते. डागाळलेल्या पानांवर मात्र फसते.

आता सावधगिरी. सर्वच यंत्रांची जागा उघडी नसते. किंडलवर बाहेरचे ॲप घालायला कंपनीची मुभा नाही. लोक फटी शोधतात, कंपनी पुढच्या सुधारणेत त्या बुजवते. यात यंत्र बिघडू शकते, वॉरंटी जाऊ शकते. ज्याला ते परवडणार नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये. अनोळखी ठिकाणाहून ॲपची फाइल उतरवू नये. अशा यंत्रांतले अँड्रॉइड बऱ्याचदा जुन्या आवृत्तीचे असते, म्हणून त्यात बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे ॲप कधीही ठेवू नये. वाचायचे यंत्र वाचण्यापुरतेच असावे.

एवढी उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. दोन गोष्टी सांगतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत दिले, आणि पुढे कंपनीने माफी मागितली. पण कपाटातले पुस्तक दुकानदार नेऊ शकतो, हे लोकांना कळले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून, विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोयही कंपनीने बंद केली. कंपन्या आपला व्यवहार पाहणारच. आपण आपला पाहावा. इंग्रजी वाचकाला यंत्रासोबत आलेल्या सॉफ्टवेअरवर भागवता येते. मराठी वाचकाला ते तसे भागेलच, याची हमी नाही.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. त्यात आपली स्वतःची मराठी ईपब फाइल उघडून बघू देतात का? 'ज्ञानेश्वरी' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द त्यात नीट दिसतात का? टंक आपला घालता येतो का? आणि वाचनाचा दुसरा प्रोग्रॅम घालायची मुभा आहे का? दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर घरातल्या किंवा शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला सोबत न्या. त्यांना हे खेळासारखे येते, फक्त कुणी विचारत नाही.

आईचा नेम पुन्हा सुरू होऊन आता वर्ष होईल. सकाळी ओट्यावर ऊन आले की ती पाटी घेऊन बसते. एका पानावर मोजक्याच ओव्या मावतात, त्यामुळे पान सारखे उलटावे लागते, ही तिची तक्रार आहे. पान उलटायला बोट टेकवण्यापूर्वी ती अजून सवयीने बोट ओले करते. भाचा हसतो आणि कापडाने पडदा पुसून देतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)