शेषाद्री, नारायण

(? – १८९१). मराठी ख्रिस्ती समाजाच्या प्रारंभकाळातील एक प्रमुख पाळक व जालन्यानजीकच्या बेथेल ह्या वसाहतीचे संस्थापक. जन्म ब्राह्मण कुटुंबात. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे जिचे विल्सन महाविद्यालयात रूपांतर झाले, ती हीच संस्था. जॉन विल्सन (१८०४–७५) आणि रॉबर्ट नेस्बिट हे तेथील प्रमुख अध्यापक होते. नेस्बिट हे अस्खलित मराठी बोलत. विद्यार्थ्यांशी त्यांचा जो निकट संबंध येई, त्यास त्यांचे हे भाषाप्रभुत्व बरेचसे कारण होते.

विशीत असताना, सप्टेंबर १८४३ मध्ये, नारायण ह्यांनी नेस्बिट ह्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. चार वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरामुळे मुंबईत मोठे वादळ उठले होते आणि मिशनची शाळा काही काळ ओस पडली होती. नारायण ह्यांच्या बाबतीत प्रकरण अधिक चिघळले. कारण त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मात्र ख्रिस्ती लोकांबरोबर त्याचे अन्नोदक झाले होते. मुलगा न्यायालयापुढे हजर करावा असा हुकूम वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाकडून मिळविला. मुलास स्वतःची इच्छा ठरविण्याइतकी समज आहे, हा मिशनचा युक्तिवाद न्या. अर्स्किन पेरी ह्यांनी अमान्य केला आणि अल्पवयीन मुलाचा ताबा बापाकडेच राहिला पाहिजे असा निर्णय दिला. पालकत्वाच्या कायद्याच्या दृष्टीने हा खटला प्रसिद्ध आहे.

निकालाने प्रश्न मिटला नाही. घरी परतलेल्या मुलास जातीत घ्यावे की नाही, ह्यावरून ब्राह्मणवर्गात तट पडले. त्यास प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे, हा पक्ष बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) ह्यांनी हिरिरीने मांडला व त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. श्रीपत शेषाद्री प्रकरण म्हणून महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ज्याची नोंद होते, ते हेच. त्या चर्चेत थोरल्या भावाचे नाव सहसा ओझरतेच येते. एकाच घरातील एक भाऊ परत आला व दुसरा कायमचा तुटला. सुधारणेचा इतिहास पहिल्याभोवती रचला गेला, दुसऱ्याचा इतिहास मिशनच्या दप्तरात राहिला.

धर्मांतरिताची त्या काळची स्थिती कायद्यानेही बिकट होती. जातिबहिष्कृतास वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क गमवावा लागे. ही अडचण कंपनी सरकारच्या १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने दूर केली. तोवर, आणि व्यवहारात त्यानंतरही, नवख्रिस्ती तरुणास मिशनखेरीज आसरा नसे. अशा आश्रितास मंडळीचा नेता कसा करावयाचा, हा त्या पिढीपुढील खरा प्रश्न होता. तसा तो ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. आशिया मायनरमधील लुस्त्र गावचा तीमथ्य हा ग्रीक बापाचा व यहुदी आईचा मुलगा. त्याच्याकडे पौलाने इफिस येथील मंडळीची देखरेख सोपविली, असे नव्या करारातील तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून दिसते (ते पत्र पौलाचेच, हे आज बरेच अभ्यासक मानत नाहीत). तरुण वयामुळे त्यास कोणी कमी लेखू नये, अशी काळजी त्या पत्रात व्यक्त झाली आहे. मुंबई इलाख्यात वयाच्या जोडीला वर्णाचा आणि पगाराचाही भेद होता. एतद्देशीय मनुष्य शाळेत शिकवी व रस्त्यावर उपदेश करी. परंतु बाप्तिस्मा देणे, प्रभुभोजनाचा विधी चालविणे आणि प्रेसबिटरीत परदेशी मिशनऱ्याच्या बरोबरीने मत देणे, हे अधिकार दीक्षित पाळकासच असत. नारायण शेषाद्री ह्यांना अशी दीक्षा १८५४ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर अकरा वर्षांनी मिळाली. १८४३ मध्येच स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली होती व विल्सन, नेस्बिट प्रभृती फ्री चर्चकडे गेले होते. नारायण हेही त्याच चर्चचे पाळक झाले. ह्याच सुमारास अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्येही हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे मराठी पाळक पुढे आले.

शेषाद्री ह्यांच्या जीवनातील महत्त्वाचे वळण १८६० नंतर आले. इंग्रजी शिक्षणाच्या द्वारे उच्चवर्णीय तरुण एकेकटे धर्मात येतील व त्यांच्या मागोमाग समाज येईल, ही स्कॉटिश मिशनची मूळ धारणा होती. ज्या धोरणाचे शेषाद्री हे स्वतः फळ होते, तेच बाजूस ठेवून ते निजामाच्या राज्यातील जालना येथे गेले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते (स्वतंत्र जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला) व तेथे हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी होती. हैदराबाद–मनमाड लोहमार्ग होण्यास अजून चाळीस-एक वर्षांचा अवधी होता. छावणीबाहेर चोहोकडे, उत्तरेस केदारखेडा–भोकरदनकडील पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत, कोरडवाहू शेतीची गावे पसरलेली होती. ह्या भागात त्यांच्या उपदेशाकडे वळले ते मुख्यतः मांग व महार समाजांतील लोक, आणि ते एकेकटे न येता कुटुंबांनिशी आले.

गावगाड्यात मांगाकडे दोर वळणे, केरसुण्या बांधणे, वाजंत्री, रखवाली अशी कामे असत आणि त्यांबद्दल बलुते मिळे. धर्मांतरित कुटुंब गावकुसाबाहेर त्याच जागी राहिले, तर त्याची ही बांधिलकी सुटत नसे; सुटली तर उपजीविका जाई. शिकवणुकीने हा पेच सुटणारा नव्हता. त्यास जमीनच हवी होती. शेषाद्री ह्यांनी हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग (१८२९–८३) ह्यांच्याकडे खटपट केली आणि जालन्यानजीक काही शेकडो एकर जमीन सवलतीने मिळविली. तीवर १८७० च्या सुमारास ‘बेथेल’ हे गाव वसले. नाव उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या कथेवरून घेतलेले असून त्याचा हिब्रू भाषेतील अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. प्रार्थनामंदिर व शाळा ह्यांच्या जोडीने विहिरी आणि शेती हा वसाहतीचा पाया होता. मुस्लिम संस्थानाच्या दिवाणाने दिलेल्या भूमीवर, पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणाने, मांगांसाठी वसविलेले हे ख्रिस्ती गाव, असे त्याचे वर्णन करता येईल. अशा अलग वसाहतींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो म्हणजे नवख्रिस्ती लोक त्यांमुळे आपल्या मूळ समाजापासून तुटले व मिशनवर अवलंबून राहू लागले. तो निराधार नाही. तथापि गावगाड्यातील त्यांचे स्थान पाहता, तोडण्याजोगा संबंध सेवेचाच अधिक होता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

वसाहतीचा खर्च भागविण्यासाठी शेषाद्री ह्यांना परदेशांतील मंडळ्यांपुढे मदत मागावी लागली. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भाषण केले. ह्या दौऱ्यात त्यांनी डोक्यावरील पागोटे सोडले नव्हते. पाश्चात्त्य श्रोत्यांना त्या वेषाचे कुतूहल वाटे. मायदेशी मात्र ती गोष्ट अधिक अर्थपूर्ण होती, कारण धर्म बदलला की मनुष्य पोशाखाने व रीतीने साहेब होतो, असा सर्वसाधारण समज होता. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांनी हाच मराठीपणा ग्रंथलेखनाच्या द्वारे राखला. शेषाद्री ह्यांनी त्यांच्यासारखी ग्रंथसंपदा मागे ठेवली नाही आणि मराठी वाङ्‌मयेतिहासात त्यांचा उल्लेख क्वचित होतो, ह्याचे हे एक उघड कारण असावे.

शेषाद्री १८९१ मध्ये मृत्यू पावले. फ्री चर्चच्या परंपरेतील पश्चिम भारतातील मंडळ्या पुढे संयुक्त उत्तर भारतीय चर्चमध्ये (१९२४) व त्या चर्चद्वारा १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये समाविष्ट झाल्या.