शंकेला गप्प करू नका
नमाज पढताना किंवा आरती म्हणताना एखाद्या क्षणी मनात येतं, ‘हे सारं खरं असेल का?’ आणि माणूस दचकतो. आपल्या हातून पाप घडलं, असं त्याला वाटू लागतं.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांच्या ‘दासबोधा’त श्रोता पुन्हा पुन्हा आशंका घेतो. त्याला कुणी उठवून लावत नाही, उत्तर देतात. कुरआनात हजरत इब्राहीम अल्लाहला म्हणतात, मेलेल्यांना तू कसं जिवंत करतोस ते दाखव. विश्वास आहे, पण मनाचं समाधान हवं. इमाम गझालींचा तर इंद्रियांवरचा आणि बुद्धीवरचाही भरवसा सुमारे दोन महिने उडाला होता. ती हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली.

तेव्हा आधी पाहावं, शंका नेमकी कशाची? ईश्वराची, एखाद्या रूढीची, की धर्माच्या नावानं बोलणाऱ्या माणसाची? तिघांची उत्तरं वेगळी. दुःखातून उठलेल्या प्रश्नाला तर ग्रंथाआधी माणसाची सोबत लागते.

उत्तर मिळेलच असं नाही. पण घरातल्या मुलानं विचारलं, तर त्याला दटावू नका. दटावल्यानं शंका जात नाही, मूल मात्र दुरावतं.