तीन लाख किलोमीटर चाललेली पिकअप : कंपनीचे कोणते पार्ट टिकतात आणि ते कशाने मरतात

वऱ्हाडात मालवाहू पिकअप म्हणजे एका घराची रोजीरोटी. वरुड-मोर्शीची संत्री असोत, अकोटचा कापूस असो की अकोल्याच्या बाजारात पहाटे उतरणारा भाजीपाला, यातला बराचसा माल बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती अशाच गाड्यांवर फिरतो. आपल्या समाजातली कितीतरी घरं याच कामावर चालतात. कुणी ड्रायव्हर, कुणी मिस्त्री, कुणी फळवाला, कुणी भंगारवाला. नवी गाडी परवडत नाही, किंवा व्याजाचं कर्ज नको, म्हणून बरेच जण घरातली बचत आणि नातेवाईकांकडून उसने घेतलेले पैसे जमवून जुनी गाडी घेतात. गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली असते. मग प्रश्न पडतो, हिच्यात आता उरलंय काय?

थोडक्यात सांगायचं तर इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चेसिस हे मोठे भाग सांभाळले तर तीन लाखांच्या पुढेही न खोलता चालू शकतात. ते वयाने मरत नाहीत. शंभर-दोनशे, फार तर हजार-दोन हजारांची वस्तू वेळेवर न बदलल्याने मरतात.

मीटरपेक्षा रस्ता बघा

अकोला ते अमरावती साधारण १०० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन २०० धरले आणि वर्षाचे ३०० दिवस गाडी चालली, तर वर्षाला ६० हजार होतात. पाच वर्षांत तीन लाख. त्यामुळे धंद्यातल्या सहा वर्षं जुन्या गाडीचं मीटर ८० हजार दाखवत असेल, तर विचारपूस करायलाच हवी.

पण सगळे किलोमीटर सारखे नसतात. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा सपाट रस्त्यावरचे तीन लाख किलोमीटर इंजिनला सोपे जातात. शेतातल्या पांदण रस्त्यावर किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात भरलेल्या गाडीचे एक लाखही जड जातात.

इंजिनचे तीन दुश्मन

पहिला दुश्मन धूळ. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या किंवा सैल बसलेल्या एअर फिल्टरमधून आत गेली, की ती रिंगा आणि सिलिंडर पॉलिश पेपरसारखी घासते. शेतमालाच्या हंगामात फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या आधीच तपासा.

दुसरा दुश्मन जुनं ऑइल. डिझेल इंजिनात काजळी तयार होते आणि ऑइल ती धरून ठेवतं. मुदत संपली की ऑइलची ताकद जाते आणि बेअरिंग घासायला लागतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. ज्या गाडीत सायलेन्सरच्या लाइनला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो चुकीच्या ऑइलच्या राखेने लवकर चोक होतो.

तिसरा दुश्मन आपल्या भागाचा खास, खारं पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा भागांतून जातो. तिथल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार जमतात, गंज धरतो आणि नळ्या बंद होतात. मग ४५ अंशांच्या उन्हात गाडी तापते, हेड गॅस्केट जातं आणि चांगलं इंजिन खोलायची पाळी येते. म्हणून कूलंट घाला आणि अडचणीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन गाडीत ठेवा. गाडी तापते म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने मूळ आजार बरा होत नाही. उलट इंजिन गरम व्हायला जास्त वेळ घेतं आणि तेवढा वेळ त्याची झीज वाढते.

मागचा हौदा आणि खालची बाजू

डिफरन्शियलच्या ऑइलची आठवण सहसा कुणाला येत नाही. त्याच्या वर एक छोटं श्वासनळीसारखं छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं की आत दाब वाढतो, एक्सलचं सील गळतं आणि ऑइल मागच्या ब्रेक लायनरवर येतं. घाटात ब्रेक न लागण्याचं हे एक कारण आहे. वेळच्या वेळी छिद्र साफ केलं आणि ऑइल बदललं, तर कंपनीचा क्राऊन-पिनियन वर्षानुवर्षं आवाज करत नाही.

पाटे आणि चेसिसचं गणित ओव्हरलोडवर आहे. पासिंग दीड टनाचं आणि माल अडीच टनाचा, असं रोज केलं तर आधी पाटे बसतात, मग पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा जातो. तिथे वेल्डिंगचे डाग दिसले तर समजावं, गाडीने फार ओझं वाहिलं आहे.

बदलायचं काय, ठेवायचं काय

रबराच्या वस्तू, म्हणजे होज पाइप, बेल्ट, बुश, ब्रेकची रबरं, कितीही ओरिजनल असल्या तरी वयाने कडक होतात. त्या बदलायलाच हव्यात. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, जॉइंट क्रॉस हे झिजण्यासाठीच असतात. पण धड चालणारा कंपनीचा वॉटर पंप, अल्टरनेटर किंवा स्टिअरिंग बॉक्स “जुना झाला” एवढ्यासाठी काढून स्वस्त लोकल बसवू नका. आधी तपासा, मग बदला.

घरात एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला. ड्रायव्हरला वेळ नसेल तर शाळेत जाणारी मुलगीही हे लिहू शकते. पुढे ही वहीच गाडीची किंमत वाढवते.

घेताना आणि विकताना

घेताना गाडी थंड असताना सुरू करून बघा. ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर जोरात धूर येत असेल तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता मोठी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केटची शंका. पेडलची रबरं आणि स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालेलं असेल आणि मीटर कमी असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. इंजिनच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या तर ते खोललेलं आहे. का खोललं, हे विचारा. एम-परिवहन ॲपवर मालक किती झाले, फायनान्सचा बोजा आहे का, फिटनेस कधीपर्यंत आहे, हे बघा. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं.

विकणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. मग ते लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विचारलं आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं. मीटर मागे फिरवणं, चेसिसच्या तड्यावर काळा रंग मारणं, जाड ऑइल घालून इंजिनचा आवाज दाबणं, ही त्याच ओल्या धान्याची आजची रूपं आहेत. घेणारा बहुधा आपल्यासारखाच कुणीतरी असतो. त्या गाडीवर त्याच्या मुलांची फी अवलंबून असते. तडा असेल तर दाखवा, दहा-वीस हजार कमी घ्या आणि वही त्याच्या हातात द्या.