गावचं टीव्ही चॅनेल सुरू करायचंय? जुन्नर-आंबेगावकरांनी आधी हे कागद समजून घ्यावेत

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव. कुठंही जा, हातात माईक आणि खांद्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवलेला एखादा तरी तरुण दिसतोच. त्यात आपल्या समाजाची मुलंही आहेत आणि ती चांगलं काम करतात. ऊर्स, इज्तेमा, टोमॅटोचे बाजारभाव, बिबट्याचा वावर, नगरपरिषदेची सभा, सगळं ती लोकांपर्यंत पोहोचवतात. ही मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "चॅनेलचं सरकारी लायसन कुठं मिळतं? कागद कोणते लागतात?"

या प्रश्नाचा फायदा घेणारेही कमी नाहीत. "टीव्ही चॅनेलचं रजिस्ट्रेशन करून देतो, प्रेस कार्ड देतो, गाडीवर स्टिकर लावा," असं सांगून पैसे उकळले जातात आणि हातात एक रंगीत प्रमाणपत्र दिलं जातं. उद्या पोलीस किंवा तहसीलदारांनी विचारलं तर त्या कागदाला किंमत नसते. म्हणून हा विषय आम्ही एकदा नीट मांडत आहोत.

चॅनेल जातं कुठून, हे आधी ठरवा

सरकारच्या लेखी "चॅनेल" ही एकच गोष्ट नाही. कार्यक्रम लोकांच्या घरात चार वाटांनी जातो: हवेतून म्हणजे टॉवरवरून, उपग्रहावरून, केबलमधून आणि इंटरनेटवरून. चारही वाटांचे कायदे वेगळे आणि कागद वेगळे. एजंट नेमका इथंच घोळ घालतो.

टॉवरवरून टीव्ही: इथं फॉर्मच नाही

अमेरिकेसारख्या देशात खासगी माणूस किंवा संस्था परवाना घेऊन स्वतःचा टॉवर उभारते आणि डिजिटल टीव्ही स्टेशन चालवते. आपल्याकडं ती सोय नाही. अँटेनावर दिसणारं टॉवरचं प्रसारण फक्त प्रसार भारतीकडं, म्हणजे दूरदर्शनकडं आहे. दूरदर्शननं २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल पद्धतीनं टॉवरवरून प्रसारण सुरू केलं आणि नंतर जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद केले. खासगी कंपनी, ट्रस्ट किंवा व्यक्तीसाठी यात अर्जच नाही. "डिजिटल टीव्ही स्टेशनचं लायसन काढून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथंच ओळखावं.

आता कुणी म्हणेल, हवा काय सरकारच्या मालकीची आहे का? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला. त्या खंडपीठात आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना पैसेवाल्यांची, आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी नियमानं व्हावा, असा त्या निकालाचा गाभा. पुढं गावागावांत सामुदायिक रेडिओ आला, त्यामागं हाच विचार आहे.

उपग्रह चॅनेल: कोटींचा खेळ

डिशवर दिसणाऱ्या चॅनेलला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं अर्जदार कंपनी किंवा एलएलपी हवी. बातम्यांच्या पहिल्या चॅनेलसाठी कंपनीची नक्त मालमत्ता किमान २० कोटी रुपये आणि बातम्या नसलेल्या चॅनेलसाठी ५ कोटी रुपये हवी. गृह मंत्रालयाची सुरक्षा तपासणी होते. परवानगी १० वर्षांची असते. गावपातळीवर हे कुणाला शक्य नाही, त्यामुळं याच्या नादी न लागलेलंच बरं.

केबल: इथं मात्र वाट आहे

आपल्या तालुक्यांत बरीच घरं अजून केबलवर आहेत. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्यानं नोंदणीशिवाय केबल चालवता येत नाही. पूर्वी गावच्या केबलवाल्याला हेड पोस्ट ऑफिसात ५०० रुपये भरून दरवर्षी नूतनीकरण करावं लागायचं. जानेवारी २०२५ पासून ही पद्धत बदलली. आता अर्ज मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो, फी ५,००० रुपये आहे आणि नोंदणी ५ वर्षांची, देशभर चालणारी मिळते. मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. आधार, पॅन यांची पडताळणी तिथंच होते. जुन्या पोस्टाच्या पावतीवर निर्धास्त बसलेल्या केबल व्यावसायिकांनी आपली मुदत आजच तपासावी.

गावच्या केबलवाल्याला सिग्नल देणारा मोठा ऑपरेटर म्हणजे एमएसओ. त्याची नोंदणी १० वर्षांची आणि फी १ लाख रुपये. केबलवर जे "लोकल चॅनेल" दिसतं त्याला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२२ च्या सूचनांनुसार असं चॅनेल एमएसओच्या नावानं नोंदवावं लागतं. प्रत्येक चॅनेलला एकदाच १,००० रुपये. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर एमएसओ कंपनी असावी लागते, पडद्यावर "प्लॅटफॉर्म सर्व्हिस" असं दाखवावं लागतं आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं.

थोडक्यात, तुम्हाला केबलवर गावच्या बातम्या द्यायच्या असतील तर स्वतःचं लायसन शोधत फिरू नका. एमएसओकडं जा, त्याचं नोंदणीपत्र बघा, त्या लोकल चॅनेलची नोंद आहे का ते विचारा आणि करार लेखी करा. उद्या काही वाद झाला तर तोंडी बोलणं उपयोगी पडत नाही.

खोडदची दुर्बीण आणि आपण

दुसऱ्या तालुक्यांपेक्षा आपल्याकडं एक गोष्ट निराळी आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात.

ही दुर्बीण डोळ्यानं बघत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. त्या लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा साधा ट्रान्समीटरसुद्धा त्यांच्यापुढं आरडाओरडा ठरतो. दुर्बिणीचे कान साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेले असतात. टीव्हीचे यूएचएफ पट्टे, म्हणजे ४७० मेगाहर्ट्झच्या पुढचे, याच टापूत येतात. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे अगदी शेजारी. १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा तर जगभर खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथं कुणीच बोलायचं नाही.

खोडदची ही शांतता आपल्याला काही नवीन नाही. या परिसरात उद्योग आणायचा म्हटला की जीएमआरटीच्या ना-हरकतीचा विषय निघतोच. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे नारायणगाववरून नेण्यात दुर्बिणीला अडथळा होईल, हेच कारण रेल्वेमंत्र्यांनी दिलं आणि मार्ग बदलण्याचा निर्णय झाला. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना त्याचं दुःख आहे आणि ते साहजिक आहे. एकीकडं जगाला हेवा वाटावा अशी दुर्बीण, दुसरीकडं पोरांच्या हाताला काम नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण विनापरवाना ट्रान्समीटर लावून हा प्रश्न सुटणार नाही, उलट लावणाराच अडचणीत येईल. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणं १९३३ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंही परवानगीची अट कायम ठेवली आहे.

अजानसाठी ट्रान्समीटर लावता येईल का?

भोंग्यांचा विषय तापल्यापासून काही जण सुचवतात की मशिदीत छोटा एफएम ट्रान्समीटर बसवू आणि घरोघरी रेडिओवर अजान ऐकू. ऑनलाइन ते यंत्र सहज मिळतं. पण विकत मिळतं म्हणजे चालवायची परवानगी आहे, असं नाही. आणि आपण तर खोडदच्या शेजारी. मशीद ट्रस्टनं या फंदात पडू नये, गुन्हा ट्रस्टींवर येतो. मुंबईत २०२५ मध्ये काही मशिदींनी मोबाइल ॲपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. ॲप इंटरनेटवर चालतं, त्याला स्वतःचा ट्रान्समीटर किंवा लहरींचा परवाना लागत नाही. हा मार्ग सरळ आहे.

सामुदायिक रेडिओ: खरी संधी

टीव्ही नाही, पण स्वतःचं रेडिओ स्टेशन मात्र गावाला मिळू शकतं. त्यासाठी ना-नफा संस्था हवी आणि ती किमान ३ वर्षं नोंदणीकृत असावी. एकटी व्यक्ती, राजकीय पक्ष किंवा नफ्याची कंपनी अर्ज करू शकत नाही. ताकद साधारण १०० वॅट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर. २०२४ च्या नव्या सूचनांनी परवानगीची पहिली मुदत १० वर्षं केली आणि जाहिरातींचा वेळ तासाला ७ वरून १२ मिनिटं केला. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या लावता येतात. मात्र हवामान, शेती, आरोग्य, शाळा, बाजारभाव, सरकारी योजना हे सगळं चालतं.

कागदांचा क्रम असा:

१. ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज. सोबत संस्थेची नोंदणी, घटना, विश्वस्तांची यादी, मागच्या ३ वर्षांचे अहवाल आणि ऑडिट.
२. मंत्रालयाची छाननी आणि गृह खात्यासह इतर खात्यांची मंजुरी.
३. इरादापत्र.
४. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागेची मंजुरी.
५. मंत्रालयाशी करार आणि बँक गॅरंटी.
६. शेवटी वायरलेस चालवण्याचा परवाना. तोवर एक मिनिटही प्रसारण करायचं नाही.

चौथी पायरी आपल्याकडं सर्वांत अवघड. म्हणून आमचा सल्ला आहे की जागा ठरवायच्या आधीच जीएमआरटीला लेखी पत्र देऊन त्यांचं मत घ्या. मशिनरी नंतर खरेदी करा.

हे सगळं कशासाठी, असं कुणाला वाटेल. ३० जुलै २०१४ आठवा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं दगावली. गाव जागेवर नाही हे एका एसटी चालकाच्या लक्षात आलं, तेव्हा बाहेर खबर गेली. डोंगराकडच्या वाड्यांमध्ये मोबाइलची रेंज आजही धड नाही. अशा ठिकाणी बॅटरीवरचा रेडिओ काय कामाचा असतो, हे वेगळं सांगायला नको. असं स्टेशन एका जातीचं वा धर्माचं नसतं, सगळ्या गावाचं असतं. आपल्या संस्थांनी इतर समाजांच्या संस्थांना सोबत घेऊन अर्ज केला तर ते जास्त शोभेल आणि टिकेलही.

यूट्यूब चॅनेल: लायसन नाही, जबाबदारी आहे

यूट्यूब किंवा वेब पोर्टल काढायला सरकारी लायसन लागत नाही. वृत्तपत्रांची नोंदणी करणारं दिल्लीचं कार्यालय छापील नियतकालिकांसाठी आहे, ते यूट्यूब चॅनेलची नोंदणी करत नाही. मात्र फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांनुसार बातम्या देणाऱ्या डिजिटल प्रकाशकानं आपली माहिती मंत्रालयाला कळवायची असते. माहिती कळवणं म्हणजे मान्यता मिळणं नव्हे, ती पोचपावती "सरकारमान्य" म्हणून मिरवू नये. याच नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई हायकोर्टानं १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे हे त्या प्रकरणातले एक याचिकाकर्ते होते. तरी बदनामी, धार्मिक तेढ, अल्पवयीन पीडितांची ओळख उघड करणं, यांचे कायदे सर्वांना लागू आहेतच. तक्रारीसाठी एक नाव आणि ईमेल चॅनेलवर ठळक द्या, मूळ फुटेज जपून ठेवा.

कागद अडतात ते इथं

एकेकाळी जुन्नरी कागद दूरवर नावाजलेला होता आणि तो बनवणारे आपल्याच समाजाचे कागदी कारागीर होते. आज आपली कामं कागदावाचूनच अडतात. बहुतेक अर्ज दोन कारणांनी परत येतात.

पहिलं, नाव. आधारवर मोहम्मद, पॅनवर नुसतं "एमडी", दाखल्यावर तिसरंच. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. पोर्टल मशीन आहे, त्याला कळत नाही की माणूस एकच आहे. सगळीकडं एकच स्पेलिंग करून घ्या, गरज पडली तर राज्य शासनाच्या राजपत्रात नाव-बदल प्रसिद्ध करा.

दुसरं, ट्रस्टचे कागद. मरहूम झालेल्या विश्वस्तांची नावं अजून रेकॉर्डवर असतात. धर्मादाय आयुक्तांकडं बदल अर्ज वेळेत द्या, वक्फ संस्था असेल तर वक्फ मंडळाकडची नोंद अद्ययावत ठेवा आणि दरवर्षीचं ऑडिट करून घ्या. तीन वर्षांचं ऑडिट एका रात्रीत होत नाही.

एजंटाला पैसे देण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: "हे कुठल्या कायद्याखाली, कुठल्या पोर्टलवर मिळतं?" उत्तर देता आलं नाही तर पैसे खिशातच राहू द्या. आणि ही माहिती आपल्या गावातल्या कॅमेरावाल्या मुलांपर्यंत नक्की पोहोचवा.